गळाचा तयार संच आणि सातपुड्याच्या पायथ्याचे तलाव : काय कामाचं, काय बदलायचं

जळगाव, धुळे, भुसावळच्या बाजारात आणि ऑनलाइनही दीड-दोन हजारांच्या आसपास एक तयार संच मिळतो. सात फुटी घडीची काठी, ३००० नंबरचं रीळ, त्यावर आधीच गुंडाळलेला तंगूस (नायलॉनचा दोरा), गळांची डबी, दोन-तीन तरंगे, शिसं, फिरक्या आणि रंगीबेरंगी नकली मासे. वेगवेगळ्या नावांनी विकला जात असला तरी आतला माल जवळपास सारखाच असतो. प्रश्न एवढाच की रावेर, यावल, चोपड्याच्या उत्तरेला सातपुड्याच्या कुशीत जे लहान तलाव आणि धरणं आहेत, सुकी, अभोरा, मंगरूळ, मोर यांच्यासारखी, तिथे हा संच चालतो का? काठी चालते, रीळ थोडी मेहनत घेतली तर चालतं, तंगूस आणि निम्मे गळ मात्र पहिल्याच दिवशी बाजूला काढावेत. हा संच ज्या माशांचा विचार करून भरलाय, ते मासे आपल्या पाण्यात नाहीत.

म्हणून आधी पाण्यात काय आहे ते बघू. मत्स्यव्यवसायाच्या हिशेबात १००० हेक्टरपेक्षा कमी पाणपसारा म्हणजे लहान जलाशय, आणि आपले बहुतेक तलाव त्यातच मोडतात. रोहू, कटला आणि मृगळ हे तीन मुख्य मासे तिथे आपोआप वाढत नाहीत. त्यांना अंडी घालायला पावसाळ्यातलं वाहतं, चढतं पाणी लागतं, साचलेल्या पाण्यात ते वीण करत नाहीत. तलावाचा ठेका घेतलेल्या मच्छीमार संस्थेनं मत्स्यबीज सोडलं तर हे मासे असतात, नाही सोडलं तर दोन-तीन वर्षांत संपतात. हे बीज केंद्रात तयार करता येतं ते १९५७ मध्ये डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात अंगूल इथे केलेल्या प्रयोगामुळे. पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून त्यांनी कार्पची, म्हणजे रोहू-कटल्याच्या कुळातल्या माशांची, वीण करून दाखवली. तो दिवस १० जुलै, आणि आपल्याकडे मत्स्यशेतकरी दिन त्याच तारखेला असतो. तेव्हा कुठल्याही तलावावर जाण्याआधी एकच गोष्ट विचारा : गेल्या दोन वर्षांत बीज सोडलं का, आणि सोडताना ते केवढं होतं? जिरे किंवा अगदी बारीक बीज सोडलं असेल तर त्यातलं बरंचसं मरळ आणि पाणकावळ्यांच्या पोटात जातं. बोटाएवढी बोटुकली सोडली असेल तरच पुढच्या वर्षी किलोच्या आसपासचा कटला गळाला लागायची आशा धरावी.

या तिघांच्या उलट आहे चिलापी, म्हणजे तिलापिया. १९५२ मध्ये ती भारतात आणली गेली आणि आता बहुतेक तलावांत तिचंच राज्य आहे. मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्लं जगतात. वर्षातून अनेकदा वीण होते. खाणारी तोंडं वाढली की अंगानं वाढणं थांबतं आणि तळहाताएवढे मासे हजारोंनी होतात. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर काठच्या गाळात ताटाएवढे गोल खड्डे दिसले की समजायचं, या तलावात चिलापीच जास्त. मिळालेली चिलापी परत पाण्यात सोडू नका. कार्पच्या तोंडचा चारा तीच पळवते. लहान मुलांना गळ शिकवायला मात्र तिच्याइतका उत्तम मासा नाही.

मरळ काठच्या गवतात, पाणकणसाच्या बुडाशी, बुडालेल्या बाभळींच्या सावलीत असते. तिला हवेतूनही श्वास घ्यावा लागतो, म्हणून ती मधूनमधून वर येते आणि पाण्यावर 'पुच्च' असा आवाज होतो. पावसाळ्यात तांबूस-नारिंगी पिल्लांचा झुबका पाण्यावर फिरताना दिसला तर खाली आई-बाप राखणीला असतात. तिथे गळ टाकू नये. राखण करणारा मासा काढला की अख्खा झुबका इतर मासे खाऊन टाकतात. तळाशी सायप्रिनस (कॉमन कार्प) आणि मृगळ गाळ उकरतात, त्यांच्या बारीक बुडबुड्यांची रांग पुढे सरकताना दिसते. एकाच जागी येणारे मोठे बुडबुडे मात्र कुजणाऱ्या गाळातल्या वायूचे, तिथे बसून वेळ घालवू नका. याशिवाय मिशीवाली शिंगटी असते. तिच्या पाठीवरचा आणि छातीजवळचा काटा हाताला चांगलाच लागतो, पक्कड जवळ ठेवा.

तलावाची खरी मोजदाद करायची असेल तर सकाळी संस्थेच्या काट्यावर जाऊन उभं राहा. जाळ्यातून काय उतरतंय, कोणता मासा किती आणि केवढा, हे अर्ध्या तासात कळतं. तिथेच परवानगीचंही बोलून घ्या. तलावाचा मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, आणि मासे त्यांनी पैसे घालून वाढवलेले असतात. न विचारता काठी लावणं म्हणजे दुसऱ्याच्या मळ्यातले घड तोडणं. आणि यावल अभयारण्याच्या हद्दीत येणाऱ्या पाण्यात गळ टाकायचाच नाही.

आता संचाकडे येऊ. काठीवर 'कार्बन' लिहिलेलं असतं, पण या किमतीत ती बहुधा काचतंतूची असते. ते वाईट नाही. काचतंतू जड असला तरी मार सहन करतो, आणि बांधाच्या उतारावर रचलेल्या, पिचिंगच्या दगडांवर काठी आपटणारच. तार मात्र सांभाळा. तलावाकाठी शेतकऱ्यांच्या पंपांच्या वायरी आणि खाली लोंबणाऱ्या तारा असतात. सात फुटी काठी मागून फिरवली की सहज तिथे पोचते, आणि ओली काठी कुठल्याही मालाची असो, धोका सारखाच.

घडीच्या काठीचं दुखणं सांध्यांत असतं. उघडताना एकेक भाग ओढून किंचित पिळा, दोरा ओवायच्या सगळ्या कड्या एका रेषेत आणा. झटक्यानं उघडलं की भाग एवढे घट्ट बसतात की घरी आल्यावर निघत नाहीत. निघेना झाली तर ओलं फडकं धरून दोघांनी उलट पिळावं, पक्कड लावली की नळी चिरते. वाळू हा तिचा दुसरा शत्रू. बंद करण्याआधी प्रत्येक भाग साध्या पाण्यानं धुऊन पुसला नाही तर आतून खरवडते. टोकाचा भाग सर्वात नाजूक. मासा जवळ आल्यावर काठी खांद्यामागे नेली की सगळा भार टोकावर येतो आणि 'टक' करून तुटतं. मासा काठाशी आणताना काठी पुढेच ठेवा आणि हातजाळीनं उचला. हातजाळी संचात नसते, ती वेगळी घ्यावी लागते. या संचातली ही सर्वात मोठी उणीव. दीड किलोचा रोहू दोऱ्यानं वर ओढणं हा काठी मोडायचा खात्रीचा मार्ग आहे.

रिळाचं पातं, हँडल आणि दांडा ठीक. हँडल डाव्या-उजव्या बाजूला बदलता येतं. अडचण ड्रॅगमध्ये आहे, म्हणजे मासा जोरात ओढेल तेव्हा ठरावीक ताणावर दोरा सुटू देणाऱ्या भागात. आतल्या नमद्याच्या चकत्या कोरड्या असतात, म्हणून दोरा सरळ न सुटता गचके देत सुटतो आणि नेमका त्या गचक्याला तुटतो. वरची टोपी काढा, चकत्या ज्या क्रमानं निघतात त्या क्रमानं फडक्यावर मांडा, प्रत्येकीला अगदी थोडं ग्रीस चोळा आणि तसंच परत बसवा. मग दोऱ्याचं टोक वजनकाट्याला बांधून काठीनं ओढा आणि ड्रॅग दोऱ्याच्या ताकदीच्या पाव हिश्श्यावर सुटेल असा लावा. ४ किलोच्या दोऱ्याला १ किलो. घरी आल्यावर ड्रॅग सैल करून ठेवा, नाहीतर चकत्या दबून चपट्या होतात.

रिळावरचा तंगूस जाड असतो, वेटोळी सोडत नाही आणि किती दिवस दुकानाच्या काचेत उन्हात पडला होता हे कुणाला ठाऊक? तो काढून टाका. त्याजागी ०.२५ मिमीचा नायलॉन दोरा भरा, तो साधारण ४ ते ५ किलो धरतो. रिळाच्या कडेला २ मिमी जागा राहील एवढाच भरा. जास्त भरला तर गुंता होतो, कमी भरला तर फेक लांब जात नाही. गाठ आवळण्याआधी थुंकीनं ओली करा. कोरडी आवळली की नायलॉन तापतो आणि गाठीतच कमजोर होतो. मे महिन्यात पारा ४४-४५ ला गेलेला असताना संच गाडीत बंद ठेवला तर दोरा कडक होतो आणि टोकाची कडी चिकटवलेला गोंदही सुटतो.

गळांच्या डबीत मोठे गळ भरपूर असतात, आपल्याला लागणारे कमी. गळाचा नंबर वाढतो तसा तो लहान होतो, हे नव्या माणसाला उलट वाटतं. चिलापीला ८ किंवा १०, रोहू-मृगळला ४ ते ६, कटल्याला २ ते ४. रोहूचं तोंड खाली वळलेलं आणि ओठ झालरीसारखे, तो चारा चोखत खातो. मोठा गळ त्याच्या तोंडात बसतच नाही. कटल्याचं तोंड वर वळलेलं आणि भलंमोठं, तो वरच्या थरात चरतो. म्हणून तरंग्याखाली दोन ते चार फुटांवर आमिष ठेवा. मृगळ आणि सायप्रिनससाठी आमिष तळाला टेकलं पाहिजे. प्रत्येक गळाचं टोक नखावर टेकवून बघा. घसरला तर बोथट, टेकला तर बरा. संचातला मोठा तरंगा रोहूच्या हलक्या ओढीला हलतच नाही, मोरपिसाचा किंवा बारीक काडीचा तरंगा घ्या.

रंगीत नकली मासे सरळ कुणाला देऊन टाका. कार्प त्यांच्याकडे फिरकत नाहीत. रबरी बेडूक असेल तर तो मरळीसाठी ठेवा, पण ही काठी मरळीची नाही. गवतातून मरळ ओढायला ताठ काठी आणि विणलेला दोरा लागतो, या मऊ काठीनं मासा गवतात शिरतो आणि दोरा सोडून जातो. मरळच हवी असेल तर हा संच घेऊ नका.

आमिष दुकानातून आणू नका, ते घरात असतं. २०० ग्रॅम कणीक, १०० ग्रॅम भुईमुगाच्या ढेपेचा बारीक चुरा आणि अर्धं पिकलेलं केळं, रावेरच्या केळ्याला इथेही मान आहे. केळ्याचा ओलावा पुरत नाही, पाणी लागेल तसं थोडं थोडंच घाला. पुरीच्या कणकेइतकं घट्ट मळून त्यात कापसाचे बारीक धागे पिंजून मिसळा. कापूस नसेल तर गोळा पहिल्याच फेकीत हवेत सुटतो. तयार झालं की हरभऱ्याएवढा गोळा गळाला लावून पेलाभर पाण्यात सोडा. दहा-पंधरा मिनिटं गोळा गळाला धरून राहावा आणि बाहेरून मात्र थोडा थोडा विरघळून पाणी गढूळ व्हावं, ही कसोटी. लगेच फुटला तर कणीक वाढवा, गोटीसारखा राहिला तर ढेप वाढवा. जागेवर चारा टाकायला रात्री भिजवलेली सरकीची ढेप आणि ज्वारीचा भरडा काठच्या मातीत मिसळून संत्र्याएवढे दोन-तीन गोळे पुरतात. बादलीभर टाकला तर मासे त्यावरच पोट भरतात आणि लहान तलावात उरलेली ढेप कुजून पाणी नासतं.

हंगामाचं गणित साधं आहे. जून ते ऑगस्ट काठी घरात. चढत्या पाण्याला मासे ओढ्याच्या तोंडाशी आणि सांडव्याखाली गोळा होतात, पोटात अंडी असतात, तेव्हा त्यांना हात लावायचा नाही. सप्टेंबरच्या शेवटी गढूळपणा बसला की ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या थंडीत मासे सुस्तावतात, अकरा ते चार ही वेळ धरा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी ऊबदार होतं तसे ते पुन्हा खायला लागतात. कालव्याचं आवर्तन सुटलं की पाणी रोज उतरतं आणि मासे काठ सोडून जुन्या ओढ्याच्या पात्रात सरकतात. कालची जागा आज रिकामी का, याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं. एप्रिल-मेमध्ये सूर्योदयाआधी सगळे मासे वर येऊन तोंड वासताना दिसले तर भूक लागली म्हणून गळ टाकू नका. रात्रभरात पाण्यातला प्राणवायू कमी झालेला असतो, मासे गुदमरत असतात. अशा वेळी ते आमिषाकडे बघतही नाहीत, आणि ही खबर संस्थेला देणं जास्त गरजेचं.

हा संच घ्यायचाच असेल तर दुकानातच काठी पूर्ण उघडून बघा. टोकाकडून बुडाकडे एका डोळ्यानं पाहा, वाक दिसतो का. मग कापसाचा छोटा बोळा प्रत्येक कडीच्या आतून फिरवा. कडीतल्या चिनी मातीच्या चकतीला केसाएवढी जरी चीर असली तरी कापसाचा धागा तिथे अडकतो, आणि तीच चीर पुढे नवा दोरा कापते. धागा अडकला की ती काठी परत ठेवून दुसरी मागा.