ब्लॉकात रुतलेला पितळी कॉक: तेल, आग, वेल्डिंग की थेट बेळगावच्या उद्यमबागेतलं मशीन शॉप?

जुनी अ‍ॅम्बेसेडर किंवा प्रीमियर पद्मिनी पाळणाऱ्याला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. इंजिनाच्या ब्लॉकचं पाणी सोडायचा कॉक किंवा टेम्परेचर गेजचं फिटिंग पान्याला दाद देत नाही, आणि बघायला जमलेले तिघे तीन उपाय सांगून जातात. एक म्हणतो डिझेल सोड, दुसरा म्हणतो गॅस मार, तिसरा म्हणतो नट वेल्ड कर. तिघेही आपापल्या जागी बरोबर असतात, कारण प्रत्येकाने काढलेलं फिटिंग वेगळं होतं.

म्हणून पद्धत ठरवायच्या आधी दोन गोष्टी बघा. अडकलेला तुकडा पितळेचा आहे की लोखंडाचा? आणि तो बिडात (कास्ट आयर्नमध्ये) बसलाय की अ‍ॅल्युमिनियममध्ये? जुन्या अ‍ॅम्बेसेडरच्या 1489 सीसी इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावर बसणारं हेड दोन्ही बिडाचे. पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा, हेड मात्र अ‍ॅल्युमिनियमचं. फिटिंगवर मळ चढून काही ओळखू येत नसेल तर कडेला कानस फिरवा. पिवळं दिसलं तर पितळ, लोहचुंबक चिकटला तर लोखंड.

तेल सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सावकाश. कोणतंही फिटिंग असो, सुरुवात इथूनच. डब्ल्यूडी-40 वर फार भिस्त ठेवू नका. तो फवारा मुळात ओल हटवण्यासाठी बनवलेला, नावातलं डब्ल्यूडी (वॉटर डिस्प्लेसमेंट) त्याचंच. आट्यांत शिरायला खास पेनिट्रेटिंग ऑइल घ्या, नाहीतर ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं मिसळा. अ‍ॅसिटोन भडकतं, तेव्हा त्यानंतर लगेच आग जवळ नेऊ नका. नुसतं तेल सोडून बसायचं नाही, फिटिंगच्या डोक्यावर हलक्या हातोडीचे ठोके द्यायचे, म्हणजे गंजाला तडे जातात. इंजिन चालू होत असेल तर तुमचं अर्धं काम इंजिनच करतं: तापवा, पूर्ण निवू द्या, तेल सोडा, पुन्हा तापवा. पाना लावाल तेव्हा सहा कोनी सॉकेट लावा आणि आधी जराशी आवळायची दिशा द्या. किंचित हललं की मग उलट. पाऊस संपेपर्यंत गाडी शेडमध्येच उभी राहणार असेल, आणि खानापूरकडे ती राहतेच, तर घाई कसली? माझं मत विचाराल तर ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांनी पुढचं काही वाचूच नये.

आगीचं गणित मात्र जागेप्रमाणे उलटतं. लोखंडी फिटिंग अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये असेल तर सगळं सोपं: अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, भोक सैल होतं. फक्त ज्योत एका जागी धरू नका. अ‍ॅल्युमिनियम 660 अंशाला वितळतं आणि वितळण्याआधी लाल होऊन इशारा देत नाही. पितळी कॉक बिडात असेल तर प्रकरण वेगळं. एका अंशाला पितळ दहा लाखात 19 भाग फुगतं, बीड सुमारे 11. दोन्ही मिळून तापवलीत तर कॉक आणखी घट्ट आवळतो, आणि गरम असतानाच ताकद लावणारा हमखास डोकं तोडतो. तरीही आगीचा उपयोग होतो, पण निवताना. फुगायला जागा न मिळाल्याने पितळ दबतं आणि थंड झाल्यावर आधीपेक्षा किंचित बारीक राहतं. म्हणून तापवा, हाताला सोसवेल इतकं निवू द्या, तेल किंवा मेण लावा, मग पाना. लवकर निवावं म्हणून बिडावर पाणी ओतलंत तर ब्लॉक तडकेल. तापवण्याआधी जॅकेटमधलं, म्हणजे ब्लॉकच्या आतल्या पोकळीतलं, पाणीही काढलेलं हवं, नाहीतर भिंत तापणारच नाही.

डोकं तुटलं की निवड आणखी बारीक होते. लोखंडी स्टड (आट्यांची दांडी) असेल तर तुकड्यावर नट ठेवून आतून वेल्ड करणं हा माझ्या मते सर्वांत भरवशाचा मार्ग. नट पकडायला मिळतो आणि वेल्डिंगची उष्णता थेट आट्यांत जाते. बॅटरीची टर्मिनलं सोडा, पेट्रोलची नळी आणि कार्ब्युरेटर बाजूला करा. वेल्डर नट लगेच फिरवू देत नाही. 'निधान माड्री' (कन्नडमध्ये 'सावकाश करा') म्हणून तो तुमचा हात धरतो, ते ऐका. पितळाला हा उपाय नको. त्यातलं जस्त 900 अंशांच्या आसपास उकळून धूर होतं, वेल्ड धरत नाही, आणि तो धूर छातीत गेला तर रात्री ताप भरतो.

पितळासाठी इझी-आउटही, म्हणजे तुटलेला तुकडा बाहेर काढायचा स्क्रूही, मी टाळतो. पाचरीसारखा निमुळता स्क्रू पोकळ पितळात गेला की पातळ भिंत बाहेर ढकलतो आणि कॉक अजून रुततो. त्यातून इझी-आउट आतच मोडला तर साध्या ड्रिलने तो कापतच नाही, इतका कडक असतो. त्यापेक्षा नळवाल्यांची जुनी रीत घ्या. आधी सेंटर पंच मारून बरोबर मध्यात ड्रिल चालवा, पितळाची पातळ नळी उरेपर्यंत. मग हॅक्सॉ ब्लेड फडक्यात धरून आतून उभी चीर पाडा. चीर बिडाच्या आट्यांना लागते न लागते तोच थांबायचं. कीस पिवळ्याचा काळपट झाला की ब्लेड बिडाला लागलं. समोरासमोर दोन चिरा झाल्या की बारीक छिन्नीने नळीची कड आत दुमडा. तुकडा चुरगळून हातात येतो. काम कंटाळवाणं आहे, हात दुखतो, पण ब्लॉक वाचतो, आणि कॉक नवा मिळतो.

उद्यमबागेतल्या मशीन शॉपकडे कधी जावं? इझी-आउट किंवा टॅप (आटे पाडायचं हत्यार) आत मोडला असेल, किंवा ड्रिल तिरका जाऊन आटे खाल्ले असतील, तेव्हा. स्पार्क इरोशन मशीन इलेक्ट्रोडने तो कडक तुकडा जाळून काढतं, आजूबाजूच्या धातूला न दुखवता. अडचण इतकीच की काम मशीनखाली न्यावं लागतं. हेड उतरवून नेणं सोपं, ब्लॉकसाठी अख्खं इंजिन उतरवावं लागेल. म्हणून हेडला हा मार्ग लवकर पत्करावा, ब्लॉकला शेवटी.

आटे दुरुस्त करताना टर्नरला गाडीचं नाव आधी सांगा. अ‍ॅम्बेसेडर इंची आट्यांची, पद्मिनी मिलिमीटरची. इंची 5/16 यूएनएफ आणि मिलिमीटरचा एम8 व्यासाला इतके जवळ की नुसत्या नजरेला फरक कळत नाही, पण पहिल्यात इंचाला 24 आटे, दुसऱ्यात साधारण 20. पाइप आट्यांतही तसंच: पाव इंची ब्रिटिश मापाच्या बीएसपीला 19, अमेरिकन मापाच्या एनपीटीला 18. आटा गेज लावल्याशिवाय टॅप मारू देऊ नका.

नवा कॉक बसवण्याआधी भोकातून तार घालून जॅकेटच्या तळचा गाळ ढवळून काढा आणि वरून पाणी सोडून ड्रिलचा कीसही धुऊन टाका. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी प्यायलेल्या इंजिनात तिथे एवढा राड साठलेला असतो, की कॉक उघडूनही थेंब येत नाही.