आई-बाबांना घेऊन आधी कुठे? इजिप्त की कंबोडिया

आम्हा जळगावकरांना अजिंठा दीड-दोन तासांवर. त्यामुळे जुनं शिल्प, जुने रंग पाहायची नजर लहानपणीच तयार होते.

इजिप्तमध्ये छाती दडपते ती आकाराने. खुफूचा पिरॅमिड साडेचार हजार वर्षांचा, मुळात जवळपास १४६ मीटर उंच. पण माझा जीव अडकतो तो लक्झरच्या कबरींत. अजिंठ्यासारखंच गिलाव्यावरचं काम. काही छतं गडद निळी आणि त्यावर पिवळ्या चांदण्या! मात्र भिंतीवरचा देव कोणता, हे पदोपदी विचारावं लागतं.

कंबोडियातल्या अंगकोर वाट मंदिरात ती अडचण नाही. १२व्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्मन राजाने बांधलेलं हे विष्णुमंदिर. पूर्वेच्या ओवरीत जवळपास ४९ मीटर लांबीचं समुद्रमंथन कोरलंय. एकीकडे असुर, दुसरीकडे देव, हातात वासुकी, मधोमध विष्णू आणि खाली कूर्म. गावच्या सप्ताहात ही कथा ऐकत आलेली माझी आई तिथे बोट ठेवून सगळं सांगेल.

जेवणात इजिप्त सोपं. भात, मसूर, हरभरे, मॅकरोनी नि तळलेला कांदा घातलेलं कोशरी शाकाहारी माणसाचं पोट भरतं. कंबोडियात भाजीतही माशाचा सॉस असतो, आधी विचारून घ्यावं. कळण्याच्या पुऱ्या नि ठेचा सोबत ठेवावाच.

दोन्हीकडे हिवाळ्यातच जावं. आईसाठी मी आधी अंगकोर निवडेन, इजिप्त त्यानंतर.