द्राक्षाचे आईबाप की द्राक्षाचा जीनोम: सेमिनारला कोणता पेपर घ्यावा?

नाशिकमध्ये एम.एस्सी.च्या सेमिनारसाठी जेनेटिक्समधला गाजलेला पेपर, तोही द्राक्षावरचा, शोधायला बसलं की दोन नावं हमखास पुढे येतात. बॉवर्स आणि मेरेडिथ यांचा १९९७चा, कॅबर्ने सॉव्हिन्यॉ या वाइनच्या द्राक्षाचे आईबाप शोधणारा. आणि फ्रेंच-इटालियन गटाचा २००७चा, जीनोमचा, म्हणजे द्राक्षाच्या संपूर्ण डीएनएचा.

वजन २००७च्या पेपरचंच जास्त, यात वाद नाही. सुमारे ३०,००० जनुकं आणि तीन पूर्वज जीनोम एकत्र आल्याचा पुरावा. द्राक्षात गुणसूत्राच्या दोन प्रतींत इतका फरक असतो की तुकडे जुळवताना घोळ होतो; म्हणून स्वपरागणाने सुमारे ९३ टक्के होमोझायगस (दोन्ही प्रती सारख्या) झालेलं पीएन४००२४ हे झाड घेतलं. खटकतं ते इथेच. ते पिनो न्वारपासून आलं असं पेपर सांगतो. २०२३मध्ये सुधारित जीनोम आला तेव्हा दिसलं की ते हेल्फेनश्टायनर या संकराचं, म्हणजे पिनो न्वार आणि शियावा ग्रोसाच्या लेकराचं, वंशज आहे. निष्कर्ष काही ढासळत नाहीत, पण परीक्षकाला हे ठाऊक असेल तर पहिल्याच स्लाइडवर अडकायला होतं.

१९९७चा पेपर मात्र वही-पेन्सिलीने तपासता येतो. ३० मायक्रोसॅटेलाइट मार्कर, म्हणजे डीएनएमधल्या छोट्या तुकड्याची पुनरावृत्ती असलेल्या, वाणागणिक लांबी बदलणाऱ्या जागा. प्रत्येक ठिकाणी कॅबर्ने सॉव्हिन्यॉचा एक अलील (त्या जागेचं एक रूप) कॅबर्ने फ्रांकमध्ये, दुसरा सॉव्हिन्यॉ ब्लांमध्ये सापडला पाहिजे. आई कोण, बाप कोण हे यावरून ठरत नाही. त्याला फक्त आईकडून येणारा क्लोरोप्लास्टचा डीएनए लागतो. नल अलील (चाचणीत दिसतच नाही असा) असेल तर खरा पालकही बाद होतो, तेव्हा एकाच मार्करवर जुळलं नाही म्हणून लगेच नाव खोडू नये.

प्रात्यक्षिकही जोडता येतं. गोडी छाटणीनंतर फुटलेलं, पुरतं न उघडलेलं पान घ्यावं. जून पानात पॉलिफेनॉल जास्त, डीएनए तपकिरी पडतो आणि पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची पद्धत) फसतो; डीएनए काढायच्या सीटॅब बफरमध्ये पॉलिफेनॉल धरून ठेवणारं पीव्हीपी घालायला विसरू नये. अलीलची लांबी यंत्रागणिक एक-दोन बेसने सरकते, म्हणून प्रत्येक रनमध्ये ओळखीचं वाण हवंच. दिंडोरीकडच्या वाइनच्या बागांत कॅबर्ने सॉव्हिन्यॉ आणि सॉव्हिन्यॉ ब्लां मिळतील. थॉमसन, तास-ए-गणेश, सोनाका या खायच्या द्राक्षांची तुलना करायचा मोह मात्र आवरावा: शेवटची दोन थॉमसनमधूनच निवडलेली, त्यामुळे या मार्करवर तिन्ही बहुधा सारखीच दिसतील.