वायतुरा आणि कंदीलपुष्प: जास्त धोका कोणाला?

दोन्ही फुलं सह्याद्रीची, दोन्ही पावसाळ्यातली, दोन्ही जमिनीतल्या कंदावर तगून राहणारी. पण राहण्याच्या जागा अगदी वेगळ्या.

वायतुरा साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर, जांभ्याच्या खोलगट भागात साचलेल्या उथळ पाण्यात उगवतो. गुलाबी-जांभळा, दोन फाट्यांचा तुरा पाण्याबाहेर डोकावतो. आंतरराष्ट्रीय लाल यादीत तो संकटग्रस्त आहे. पठारावर गाड्या फिरल्या, माती-मुरूम पडला की डबकंच संपतं. कास 2012 पासून जागतिक वारशात आहे, त्यामुळे निदान लक्ष तरी असतं.

कंदीलपुष्पाच्या अनेक जाती मात्र कड्यांवर, गवताळ उतारांवर विखुरलेल्या. फुलाच्या नळीत आतल्या बाजूला वळलेले केस असतात. वासाने आलेली चिलटं त्यात अडकतात आणि केस सुकले की पराग घेऊन सुटतात. म्हणजे चिलटं आली नाहीत तर बीजही धरत नाही. वर कंद खाण्याजोगा, त्यामुळे माणसं आणि रानडुकरं दोघंही उकरतात.

मला काळजी कंदीलपुष्पाची जास्त वाटते. वायतुऱ्याची डबकी राखता येतात, पण विखुरलेल्या कड्यांवर पहारा कोण देणार? फोटो टाकताना नेमकी जागा सांगू नका, एवढं तरी आपल्या हातात आहे.