मोनोच्या नावाखाली ४३,२८० रुपयांचा चुना

आकडा आधीच सांगतो, म्हणजे "चार रेकॉर्डसाठी केवढा तमाशा" असं कोणी म्हणायला नको. आगाऊ १५,०००, व्हिडिओ पाहिल्यावर २७,५०० आणि कुरिअरचे ७८०. एकूण ४३,२८० रुपये गेले आणि हातात आल्या बीटल्स या बँडच्या तीन अल्बमच्या चार बनावट तबकड्या.

ठरलं होतं ते असं: 'रिव्हॉल्व्हर', 'सार्जंट पेपर' आणि 'व्हाइट अल्बम', तिन्ही २०१४ चे मोनो (दोन्ही कानांत एकच आवाज) रीइश्यू, म्हणजे नव्याने काढलेल्या आवृत्त्या. या नादातल्या लोकांना ते का हवे असतात हे सांगायला नको. मूळ टेपवरून, मध्ये डिजिटल न आणता तबकडीवर कोरलेल्या त्या आवृत्त्या आता सहज मिळत नाहीत. माझ्याकडे निर्माता जाइल्स मार्टिनचं २०१७ चं 'पेपर'चं रीमिक्स आहे. ते स्टिरिओ (दोन बाजूंना वेगवेगळा आवाज) असलं तरी त्याने मोनो समोर ठेवून केलंय, त्यामुळे दोन्ही लागोपाठ लावून ऐकायची खाज होती. विक्रेत्याने ती बरोबर ओळखली. "दादा, गिऱ्हाइकं खूप आहेत, पण तुमच्यासारख्या कानसेनाकडे गेलेलं बरं वाटेल." इथेच फोन ठेवायला हवा होता. विकणारा तुमच्या कानाचं कौतुक करायला लागला की त्याचा हात तुमच्या खिशात असतो.

आता ज्या गोष्टीने अजून झोप लागत नाही ती. उरलेले पैसे देण्याआधी मी वाजवून दाखवायला सांगितलं. त्याने 'पेपर'मधल्या 'शीज लीव्हिंग होम'चा व्हिडिओ पाठवला. सुरुवातीची हार्प, मग गायक पॉलचा आवाज. हे गाणं मोनोमध्ये पांढरी चारमध्ये (पेटीची चौथी पांढरी पट्टी) आहे, जुन्या स्टिरिओत ते पांढरी तीनमध्ये, म्हणजे अर्धा सूर खाली, संथ आणि रडवेलं. २०१७ च्या रीमिक्समध्ये ते मुद्दाम मोनोच्याच वेगाला आणलंय. मी अर्ध्या आयुष्यभर हा फरक लोकांना ऐकवत आलोय! आणि व्हिडिओत गाणं सरळ पांढरी तीनमध्ये चाललं होतं. मला ते खटकलं, मी विचारलंही, "गाणं जरा उतरलेलं वाटतंय?" तो म्हणाला, "टर्नटेबल जुनं आहे दादा, बेल्ट सैल झालाय." मी मान डोलावली. अहो, बेल्ट सैल असेल तर सूर डळमळतो. अर्धा सूर खाली जाऊन तिथे पाय रोवून बसत नाही!

पण माझी बाजूही ऐका. कव्हरची छपाई झकास होती, जाड पुठ्ठा, तबकडी वजनदार. हेडफोन लावला तर दोन्ही कानांत तंतोतंत एकच आवाज. म्हणजे मोनोच की! कोणीही फसला असता. 'व्हाइट अल्बम'मधल्या 'हेल्टर स्केल्टर'पर्यंत पोचलो आणि अंगातलं रक्त आटलं. मोनोमध्ये हे गाणं विरतं आणि संपतं. स्टिरिओत ते विरून पुन्हा उसळतं आणि शेवटी ड्रमर रिंगो बोटांना फोड आल्याचं ओरडतो. माझ्या 'मोनो' रेकॉर्डवर रिंगो खणखणीत ओरडला. स्टिरिओच्या दोन बाजू एकत्र घोटून मोनो म्हणून विकलं होतं. बरं, २००९ साली मोनोच्या सीडी निघाल्या आहेत. त्यांवरून उतरवलं असतं तर मला जन्मात कळलं नसतं. लबाडी करायचाही आळस! मेहनत करून तरी गंडवा.

"फोडलेला माल परत घेत नाही" हा त्याचा शेवटचा मेसेज. मग ब्लॉक. पैसे ज्या यूपीआयवर गेले त्यावरचं नाव वेगळंच होतं, "मेहुण्याचं खातं आहे" म्हणाला होता. मेहुण्याच्या खात्यावर एक रुपयाही पाठवू नका.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर फोन केला. तिथल्या बाईंचा एकच प्रश्न: "पार्सल मिळालं ना?" मिळालं. "मग हा मालाबद्दलचा वाद झाला सर." बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. ग्राहक हेल्पलाइनवर दुकानाचं नाव आणि बिल मागितलं. बिल असतं तर रडलो कशाला असतो? पोलीस ठाण्यात मी आपला दोन्ही रेकॉर्डमधला फरक समजावतोय आणि समोरचे साहेब चहात बिस्कीट बुडवत विचारतात, "वाजते ना पण?" वाजते साहेब. "मग?" मी कॉपीराइट कायदा काढला. १९५७ चा, कलम ६३, सहा महिने ते तीन वर्षं कैद. तर म्हणाले, "बीटल्सवाल्यांना तक्रार द्यायला पाठवा." शेजारचा हवालदार खदखदून हसला. शेवटी माझा अर्ज घेतला, त्यावर शिक्का मारला आणि तो एका गठ्ठ्याखाली सरकवला. ४३,००० रुपयांचा मोबाइल चोरीला गेला असता तर हेच लोक असेच हसले असते का? रेकॉर्डचा शौक म्हणजे श्रीमंती चोचला, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलंय. मी श्रीमंत नाही. ती रक्कम वर्षभर बाजूला काढून जमवलेली होती.

घेणार असाल तर लेबलजवळच्या कोऱ्या पट्टीचा, तिथे कोरलेल्या अक्षरांसकट, स्वच्छ फोटो मागा आणि खात्रीच्या प्रतीशी ताडून पाहा. मी मागितला तेव्हा "मोबाइलचा कॅमेरा खराब आहे" म्हणाला, आणि त्याच खराब कॅमेऱ्याने कव्हरचे अकरा चकाचक फोटो पाठवले. गाणं कोणतं वाजवायचं ते विक्रेत्याला ठरवू देऊ नका. 'हेल्टर स्केल्टर'चा शेवट मागा. आगाऊ रक्कम तर अजिबात नाही, समोर बसून ऐका नाहीतर सोडून द्या.

तो माणूस अजून विकतोय. नवीन नाव, मागे तीच निळी चादर, तेच तीन अल्बम. भाव आता ४५,०००.