आरओ, कार्बन की कॅन: बेळगावच्या नळाला काय लावायचं

अनगोळला नवीन फ्लॅटमध्ये गेलेल्या चुलतबहिणीचा परवा फोन, दादा ते पीफास का काय ते पाण्यात असतंय म्हणे, मग यूव्ही घेऊ की आरओ? यूव्ही म्हणजे जंतू मारणारा दिवा, आरओ म्हणजे दाब देऊन पाणी अगदी बारीक पडद्यातनं, मेंब्रेनमधनं, गाळणारं यंत्र. एरवी मी डोळे मिटून यूव्ही म्हटलं असतं, कारण राकसकोप जलाशयाचं पाणी मऊ, आमच्या नळाला टीडीएस (विरघळलेले क्षार, लिटरमागं मिलीग्रॅम) ८० च्या आतच येतंय, आणि ५०० च्या खाली असेल तिथं आरओ नको असं हरित लवादानं २०१९ लाच म्हटलंय. पण पीफासचा विचार केला की हे गणित उलटं होतंय.

पीफास म्हणजे नॉनस्टिक तवा, रेनकोट, आग विझवायचा फोम, क्रोम प्लेटिंग असल्या कामातली फ्लोरिनवाली केमिकलं. कार्बन आणि फ्लोरिनची गाठ इतकी घट्ट की कुजत नाहीत न् काही नाही. त्यातल्या पीएफओए नावाच्या एकाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २०२३ ला कॅन्सर करणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकलंय. यूव्हीचा दिवा जंतू मारतो, ह्यांना हातही लावत नाही. उकळलं तर पाणी आटतंय आणि ती भांड्यातच राहतात. तुरटी, तांब्याचा हंडा, तेच.

म्हणजे खरी लढत कार्बन, म्हणजे कोळशाचा फिल्टर, आणि आरओची. ड्यूक विद्यापीठवाल्यांनी २०२० ला घरोघरचे फिल्टर तपासले तर आरओनं पीफास ९४ टक्के नि वर काढलं, कार्बनवाल्यांची सरासरी ७३, त्यातही कुणाचं बरं कुणाचं अगदीच भिकार. कार्बन स्वस्त, पाणी वाया जात नाही, वीज नको, सगळं खरं, पण त्याची जागा भरली की तो थांबतो, आणि आपण कार्ट्रिज बदलतो कधी, तर चव बिघडली की. पीफासला चवच नाही की ओ! आरओचं रडगाणं वेगळं, एक लिटर मागं अंदाजे तीन लिटर गटारात, आणि ज्या गल्लीत चार-पाच दिवसांनी पाणी येतं तिथं हे बघवत नाही, बादली लावून लादी पुसायला तरी वापरा.

विकणाऱ्यांचा एक खेळ सांगतो. आमच्याकडं एकजण आला, नळाच्या ग्लासात दोन सळ्या बुडवून करंट सोडला, दोन मिनिटात पाणी तपकिरी, आई म्हणाली अगं बाई हे पितोय आपण! ते सळीचंच लोखंड हो. आरओच्या पाण्यात क्षार फारसे नाहीत, करंट जेमतेम जातो म्हणून ते स्वच्छ दिसतं. टीडीएस मीटरही पीफाससाठी बिनकामाचं. अमेरिकेची मर्यादा पीएफओएला लिटरमागं ४ नॅनोग्रॅम, मीटरवरचा एक आकडा म्हणजे लिटरमागं एक मिलीग्रॅम, त्याच्या अडीच लाख पट. आणि पालिकेच्या रिपोर्टात शोधू नका, आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकाच्या, आयएस १०५०० च्या, २०१२ च्या यादीत पीफास नाहीच.

२० लिटरचा कॅन? त्याच्याकडं आरओ असला तरी मेंब्रेन कधी बदललं ते तुम्हाला दिसत नाही, आणि उन्हात टेम्पोवर तापलेलं प्लास्टिक ते वेगळंच. पाहुणे आले की ठीक.

वडगावात काकांच्या विहिरीचं टीडीएस ५२० आहे, तिथं आरओच, चर्चा नको. भाड्याच्या घरात राकसकोपचं पाणी असेल आणि कार्ट्रिज कंपनीनं दिलेल्या लिटरच्या हिशोबानं बदलायची शिस्त असेल तर कार्बन ब्लॉक अधिक यूव्हीनं भागतंय. पण बहिणीला सातवा महिना लागलाय, म्हणून तिला ओट्याखालचा छोटा आरओ घे म्हटलं, पिण्या-स्वयंपाकापुरताच.

आणि एक, आपल्याकडच्या बहुतेक आरओत टीडीएस कंट्रोलर म्हणून एक स्क्रू असतो, पाणी गोड लागावं म्हणून तो मेंब्रेनमधनं न गेलेलं पाणी परत मिसळतो. म्हणजे पंधरा हजार घालून काढलेलं पीफास मागच्या दारानं ग्लासात. फिटिंगला माणूस आला की पहिला तो स्क्रू बंद करून घे म्हटलंय, पाणी जरा फिकं लागेल तेवढंच.