मालाच्या स्टॉकच्या सॉफ्टवेअरपायी माझे १,८६,६४० रुपये गेले, नाशिकच्या अंबड-सातपूरवाल्यांनो वाचा

अंबडला माझं छोटं प्रेस शॉप आहे, ब्रॅकेट आणि क्लॅम्प बनवतो. कंपनीचं नाव टाकत नाही, वकिलाने सक्त सांगितलंय. आकडे मात्र सगळे खरे देतो, लाज वाटली तरी.

आधी एक सांगतो, सॉफ्टवेअर घेणं हे काही खूळ नव्हतं. आमच्याकडे अडीच एमएमची शीट पडून गंजते आणि १.२ नेमकी डिस्पॅचच्या तोंडावर संपते, मग लोकल ट्रेडरकडून तो म्हणेल त्या भावाने उचला. प्लॅनिंगचं सॉफ्टवेअर करतं काय, तर कस्टमरचं शेड्यूल घेतं, पार्टच्या बीओएमने (एका पार्टला कुठला माल किती लागतो त्या यादीने) गुणतं, हातातला स्टॉक आणि ऑर्डर टाकलेला माल वजा करतं, उरलं ते कधी मागवायचं ते सांगतं. चार पार्टला हे वहीत जमतं, साठ पार्टला नाही. वर जॉब कार्डवर स्क्रॅप धरला की पार्ट खरा कितीला पडतो तेही कळतं, नाहीतर आपण अंदाजाने कोटेशन देतो आणि मार्चमध्ये सीए विचारतो नफा गेला कुठे.

तर कॉलेज रोडला ऑफिस असलेल्या एका पार्टीचं पोरगं आलं. टाय, टॅब, तोंडात सारखं 'सर'. लाइफटाइम लायसन्स १,८५,०००, त्यावर जीएसटी ३३,३००, एकूण २,१८,३००. आणि म्हणे सर, उद्यम रजिस्ट्रेशन आहे ना तुमचं, लीन स्कीममध्ये ९० टक्के सरकार परत देतं, फाइल आम्ही करतो. साफ खोटं. लीन स्कीम खरी आहे, २०२३ ला नव्याने आली, पण ते ९० टक्के कन्सल्टंट लावून शॉप फ्लोअर सुधारण्याच्या खर्चाला आहेत, कोणाच्या लायसन्सला नाहीत, आणि रजिस्ट्रेशन पोर्टलवर आपलं आपण होतं. सबसिडी मी करून देतो म्हणणाऱ्याला चहासुद्धा पाजू नका. आम्ही तर मिसळ खाऊ घातली.

आता ते ज्याने अजून झोप लागत नाही. डेमोला मी म्हटलं, दहा शीट इश्यू करून दाखव. ८ बाय ४ ची १.२ ची शीट साधारण २८ किलो भरते, म्हणजे दहा गेल्या की २८० किलो कमी व्हायला पाहिजेत, आपण घेतो किलोवर आणि वापरतो नगावर, हे कुठल्याही शीट मेटलवाल्याला झोपेत कळतं. स्क्रीनवर दहा किलो कमी झाले, म्हणजे एका शीटला एक किलो. दहा! मी बघितलं, बोट ठेवून विचारलं, अरे हे काय? तो हसला, म्हणाला सर हा डमी डेटा आहे, युनिट कन्व्हर्जन कस्टमायझेशनमध्ये सेट करू. तिथेच त्याला उठवून गेटबाहेर काढायला हवा होता. पण मला सांगा, विचारलं होतं ना मी? समोरचा इंजिनिअर म्हणवतो, तोंडावर खोटं बोलतो, त्यात आपण काय करणार? शेजारच्या गाळ्यातला म्हणतो तुला कळायला पाहिजे होतं. नंतर सगळेच शहाणे असतात.

५० टक्के अ‍ॅडव्हान्स १,०९,१५० एनईएफटी. 'सर्व्हर इन्स्टॉलेशन'चे ३० टक्के ६५,४९०. डेटा एंट्रीचे १२,००० त्या पोराच्या पर्सनल नंबरवर, जीपेने. पर्सनल नंबर मागितला की समजून जा.

सुरू झालं एकदाचं. ७० शीट म्हणजे १,९६० किलो ओपनिंग स्टॉक टाकला, त्यातल्या ६६ वापरून झाल्या, स्क्रीन सांगतेय स्टॉक १,८९४ किलो, मागवायची गरज नाही, आणि खाली रॅकवर चार शीट. कस्टमरची लाइन थांबली, आमच्या पैशातून १७,५०० कापल्याची डेबिट नोट आली, ती वरच्या आकड्यात धरलेली नाही. फोन केला तर आधी टिकीट टाका, मग इंजिनिअर रजेवर, मग नंबरच बंद. लॉगिन बंद, आमचा सगळा डेटा त्यांच्या सर्व्हरवर. शेवटी एक मेल आला की उरलेले ४३,६६० भरा मग अ‍ॅक्सेस देतो. बॅकअप स्वतःच्या कॉम्प्युटरवर उतरवून मिळत नसेल तर एक रुपया देऊ नका.

भाच्याने बघितलं तर ते चक्क ओपन सोर्स, म्हणजे कोणालाही फुकट मिळणारं सॉफ्टवेअर, वरती ह्यांचा लोगो. ओपन सोर्स वाईट नाही, ईआरपीनेक्स्ट नावाचं असंच सॉफ्टवेअर आपल्या मुंबईचंच आहे, फुकट उतरवता येतं, बसवून शिकवायचे पैसे कोणी घेतले तर हक्काचे आहेत. पण फुकटातल्याचं लाइफटाइम लायसन्स?

आणि बिल म्हणून जे दिलं ते प्रोफॉर्मा, म्हणजे आगाऊ दिलेलं कच्चं बिल, पक्कं टॅक्स बिल नव्हे. सीएने जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला तर रद्द झालेला. हे लॉगिनशिवाय कोणालाही दिसतं, पैसे सोडायच्या आधी बघा. भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट विसरा, असं सीए म्हणाला.

पोलिसांचं तर काय सांगू. पहिले साहेब म्हणाले हा सिव्हिल मॅटर आहे. दुसरे म्हणाले सॉफ्टवेअर आहे ना, मग सायबरला जा. सायबरवाले म्हणाले तुम्ही स्वतः पैसे पाठवले, ओटीपी गेला नाही, ठाण्यात जा. एकाने विचारलं शीट म्हणजे एक्सेल शीट का! प्रोफॉर्मा दाखवला तर म्हणे ह्यावर सही कुठाय. अरे बाबा, सही करून फसवतं का कोणी? ग्राहक आयोगाचं विचारलं तर वकील म्हणतो धंद्यासाठी घेतलेलं व्यावसायिक कारणात जातं, पोट भरायला स्वतः राबतो हे सिद्ध करावं लागेल. समाधान पोर्टलही आपल्या कामाचं नाही, ते आपण माल विकून पैसे अडकले तर. टॅक्स भरताना आपण लघुउद्योजक, देशाचा कणा वगैरे, आणि तक्रारीला गेलं की ह्या खिडकीवरून त्या खिडकीवर. आमच्या संघटनेत सांगितलं तर म्हणाले पुढच्या मीटिंगला विषय घेऊ.

वकिलाने आता नवीन कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली वरिष्ठांना पोस्टाने तक्रार पाठवलीये, नाही घेतली तर मॅजिस्ट्रेटकडे. बघू. कोणी असाच प्रोफॉर्मावर पैसे भरून बसला असेल तर लेखी अर्ज द्या, डेमोचे मेसेज डिलीट करू नका, आणि इनवर्डचा शिक्का मिळाल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका, कितीही वेळ बसवलं तरी.